सिनेमाच्या आधीची ती सात मिनिटं

पोरंपोरी बेभान नाचतायत. नजर ठरते न ठरते तोच प्रयोगशाळेतली यंत्रं, मग ॐ, मग कुणाचा तरी चेहरा थेट अंगावर, की पुन्हा नाच. मागे मंत्रपठणासारखं काहीतरी आणि त्यात कुठल्या यंत्रांतून निघालेत ते कळू नये असे आवाज. चित्रं इतक्या झपाट्याने बदलतात की हे खरंच दिसलं की भास झाला, असा प्रश्न पडावा. सगळं कृष्णधवल, सगळं मिळून जेमतेम सात मिनिटं. निवेदन नाही, गोष्ट नाही, उपदेश नाही. आणि हे कुणी काढलंय? फिल्म्स डिव्हिजननं. म्हणजे भारत सरकारनं!

मी रात्री साडेअकराला मोबाइल हातात धरून मोठ्यानं ‘काय?’ म्हणाले. मग पुन्हा पाहिलं. मग हेडफोन लावून पाहिलं. चित्रपटाचं नाव ‘एक्स्प्लोरर’, साल 1968, दिग्दर्शक प्रमोद पती, संगीत विजय राघव राव. त्या रात्रीपासून मी भेटेल त्याला हे सांगत सुटले आहे, आणि आता तुमची पाळी.

फिल्म्स डिव्हिजन हे नाव मी ऐकलं होतं ते बाबांच्या तोंडून. सिनेमा सुरू होण्याआधी थिएटरात दाखवायचे ती न्यूजरील. कुठे पूर आलाय, मंत्रिमहोदय हेलिकॉप्टरमधून पाहणी करतायत, कुठे धरणाचं उद्घाटन, कुठे फीत कापली जातेय आणि या सगळ्यावर एक धीरगंभीर आवाज. बाबा सांगतात, न्यूजरील लागली की निम्मं थिएटर बाहेर बिडीकाडीला आणि शेंगदाण्याला. डोअरकीपरलाही ते ठाऊक असायचं. खरा सिनेमा सुरू झाला की आत शिरायचं. दूरदर्शनवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत याच खात्याचे माहितीपट यायचे, तेव्हा आई कुकर लावायला उठायची. थोडक्यात, फिल्म्स डिव्हिजन म्हणजे उठून जाण्याची वेळ. आणि लोक उठून जात होते त्याच वेळात, त्याच पडद्यावर, काय काय चाललं होतं!

हे घडलं कसं, हे कळलं तेव्हा मी आणखीच चक्रावले. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना 1948 सालची. कार्यालय मुंबईत, पेडर रोडला. आणि त्या काळी नियमच असा होता की प्रत्येक थिएटरमालकानं प्रत्येक खेळाला सरकारमान्य माहितीपट किंवा न्यूजरील दाखवलीच पाहिजे, दोन हजार फुटांपर्यंत. 35 मिलिमीटरच्या फिल्मचे दोन हजार फूट म्हणजे साधारण वीस-बावीस मिनिटं. वर त्याचं भाडंही थिएटरनंच भरायचं, आठवड्याच्या उत्पन्नातल्या एक टक्क्यापर्यंत. रिळांच्या पेट्या गावोगाव फिरायच्या: आधी मोठ्या शहरांतली थिएटरं, मग तालुक्याची गावं, मग जत्रेतली टुरिंग टॉकीज. त्यामुळे एखाद्या पुराची न्यूजरील खेड्यात पोचेपर्यंत नदी आटून कोरडी पडलेली असायची.

आता याचा अर्थ काय होतो बघा. ज्याला फिल्म्स डिव्हिजनमध्ये चित्रपट काढायला मिळाला त्याला वितरक शोधायचा नव्हता. पोस्टर लावायचं नव्हतं. तिकीट खपेल का, ही काळजी नव्हती. नटाच्या तारखा नव्हत्या, गाणी घालण्याची सक्ती नव्हती. देशभरातली थिएटरं आणि त्यांतला प्रेक्षक आधीच बांधून दिलेला. जगातल्या कुठल्याही प्रयोगशील दिग्दर्शकाला स्वप्नातही मिळणार नाही अशी सोय! पॅरिस-न्यूयॉर्कमध्ये असले चित्रपट फिल्म सोसायटीत पन्नास लोक बघायचे. आपल्याकडे तेच राजेश खन्नाच्या आधी लागू शकत होते. दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ 1971चा, ‘पिंजरा’ 1972चा, आणि आबिद सुरतींना घेऊन पतींनी केलेला ‘आबिद’ही 1972चा. नेमका कुठल्या थिएटरात कशाच्या आधी काय लागलं, ते मी सांगू शकत नाही; पण दादा कोंडक्यांना बघायला फेटा बांधून आलेल्या एखाद्या माणसासमोर आधी प्रमोद पती उभे राहिले असतील, ही शक्यता नुसती मनात आली तरी मला बसवत नाही.

‘आबिद’बद्दल सविस्तर सांगायलाच हवं, कारण पहिल्यांदा बघणाऱ्यानं तिथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

आबिद सुरती म्हणजे चित्रकार, लेखक, व्यंगचित्रकार. मुंबईहून निघणाऱ्या ‘धर्मयुग’ साप्ताहिकातले ‘ढब्बूजी’ त्यांचेच, आणि इंद्रजाल कॉमिक्समधला ‘बहादूर’ही त्यांच्याच डोक्यातून आलेला. तर पतींनी या माणसाला एका खोलीत घातलं आणि ती अख्खी खोलीच कॅनव्हास केली. भिंती, जमीन, छत, जिथे हात पोचेल तिथे रंग. पण कॅमेरा नेहमीसारखा चालू ठेवलेला नाही. एक चौकट टिपायची, थांबायचं. माणसानं किंचित हलायचं, कुंचला बोटभर पुढे, पुन्हा निश्चल उभं राहायचं, पुढची चौकट. म्हणजे कार्टूनमध्ये चित्रांना जसं एकेक करून हलवतात तसं हाडामांसाच्या माणसाला हलवायचं. याला पिक्सिलेशन म्हणतात. कॅनडात नॉर्मन मॅकलॅरन यांनी 1952 साली ‘नेबर्स’मध्ये ते करून दाखवलं होतं (आणि गंमत म्हणजे तीही सरकारीच संस्था, नॅशनल फिल्म बोर्ड). पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. प्रत्येक चौकट वेगळी टिपली असं धरलं तर पाच मिनिटांना 7200 वेळा थांबणं आलं, 7200 वेळा श्वास रोखून उभं राहणं आलं.

मी ते मोबाइलवर थांबवत थांबवत पाहिलं. बोट ठेवायचं, सोडायचं, पुन्हा ठेवायचं. तेव्हा लक्षात येतं की नुसता माणूस हलत नाही, त्याच्यामागची भिंतही प्रत्येक टप्प्यावर बदलते आहे. वेगात बघताना वाटतं, रंग आपोआप उगवतायत आणि माणूस त्यांच्यातून वाट काढतोय. थांबवून बघितलं की कळतं, हा माणूस भिंत रंगवत रंगवतच स्वतःचा अभिनय करतोय. रंग तर असे झगझगीत की डोळे मिटल्यावरही मागे राहावेत. आज जाहिरातवाले कॉम्प्युटरवर आठवडा घालवून जे करतात ते इथे घामानं केलंय.

आणि हेच आबिद सुरती पुढे 2007पासून मीरा रोडला दर रविवारी प्लंबर सोबत घेऊन लोकांच्या घरातले गळके नळ फुकट दुरुस्त करत फिरले, थेंब थेंब पाणी वाचवायला. हे वाचलं तेव्हा मी ‘आबिद’ पुन्हा एकदा लावला. खोलीभर रंग सांडणारा माणूस आणि वॉशर बदलायला दारोदार जाणारा माणूस एकच आहे, आणि मला त्याचं जराही आश्चर्य वाटत नाही. दोन्हीकडे तीच चिकाटी आहे.

प्रमोद पती मूळचे ओडिशाचे. प्रागला जाऊन त्यांनी यिर्झी त्रन्का यांच्या हाताखाली बाहुल्यांचं अ‍ॅनिमेशन शिकून घेतलं. त्रन्का म्हणजे त्या क्षेत्रातले महागुरू. तिथून परत येऊन हा तरुण पेडर रोडच्या सरकारी कचेरीत रुजू झाला आणि कार्टून विभागात काम करू लागला. विषय कुठले मिळायचे? कुटुंबनियोजन! लाल त्रिकोणाचा तो जमाना. दुसऱ्या कुणी डॉक्टरीणबाईंना खुर्चीत बसवून भाषण द्यायला लावलं असतं. पतींनी ‘क्लॅक्सप्लोजन’ केला, 1968 साली. इवलासा चित्रपट, आणि लोकसंख्येच्या गर्दीचं ओझं तो चित्रापेक्षा आवाजानं तुमच्या डोक्यावर ठेवतो. सरकारी विषयाला सरकारी वास येऊच द्यायचा नाही, ही त्यांची जिद्द मला प्रत्येक चित्रपटात दिसते. 1970चा ‘ट्रिप’ तर मुंबईवरच आहे. शहरातली माणसं येतात, दिसतात, नाहीशी होतात, काळ भरधाव पळतो. मुंबईवर हजारो फूट फिल्म खर्ची पडली असेल, पण चार मिनिटांत या शहराची घाई अशी पकडलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आवाजाचं श्रेय विजय राघव राव यांना. हे बासरीवादक, पंडित रविशंकरांचे शिष्य, मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’चे संगीतकार. शास्त्रीय संगीतात मुरलेला माणूस एवढे अनोळखी, विजेसारखे आवाज कसे काढतो? ‘एक्स्प्लोरर’ एकदा डोळे मिटून ऐकाच. आजच्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मैफलीत वाजवला तर तरुण पोरं विचारतील, हा कलाकार कोण?

पण एकटे पती नव्हते! मला वाटलं होतं, एक वेडा माणूस खात्यात चुकून शिरला असेल. तर नाही, 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात पेडर रोडला अख्खी टोळीच जमलेली. त्यांना मोकळीक देणारे होते जाँ भावनगरी. मुंबईचा पारशी माणूस, पॅरिसला युनेस्कोत काम करणारा, हौसेनं जादूचे प्रयोगही करणारा. 1965 ते 67 या काळात ते सल्लागार म्हणून इथे आले आणि त्यांनी दारं उघडली. त्यांनी कुणाला बोलावलं असेल? एम. एफ. हुसेन यांना. पंढरपुरात जन्मलेला, मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलेला चित्रकार, ज्यानं तोवर चित्रपट काढलेला नव्हता. हुसेन राजस्थानात गेले आणि ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ घेऊन परत आले. त्यात संवाद नाही, निवेदन नाही. छत्री, जोडा, कंदील, गाय, पुन्हा छत्री. वस्तू एकमेकींना भेटतात, एवढंच. संगीत पुन्हा विजय राघव राव. या चित्रपटाला 1967 साली बर्लिनला लघुपटांचं गोल्डन बेअर मिळालं. भारत सरकारच्या माहितीपट खात्याच्या एका छत्रीनं बर्लिनचं अस्वल आणलं!

एस. एन. एस. शास्त्री यांचा ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ही 1967चाच. स्वातंत्र्य वीस वर्षांचं झालं, म्हणून त्याच वयाच्या पोरापोरींना शास्त्रींनी कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि बोलू दिलं. आणि ती पोरं बोलतात! कुणी देशावर जीव टाकतो, कुणाला देशाशी काही देणंघेणं नाही, कुणाला पैसे हवेत, कुणी थट्टा करतो. सरकारनं, सरकारी खर्चानं, स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःविरुद्धच्या तक्रारी देशाला ऐकवल्या. त्यातली शेतात राबणारी, कॉलेजात शिकणारी, रेल्वेत बसलेली तोंडं पाहताना मला सारखं वाटत होतं, यांना थांबवून विचारावं: पुढे काय झालं तुमचं? बाबा त्यांच्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी लहान. मी त्यांना तो दाखवला. पूर्ण वीस मिनिटं ते हलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, ‘हे आम्हाला दाखवत होते?’ मग जरा थांबून, ‘आम्ही बाहेर उभे होतो गं.’

त्या शास्त्रींनीच पुढच्या वर्षी ‘अँड आय मेक शॉर्ट फिल्म्स’ काढला, माहितीपट काढणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं यावरचा माहितीपट. आणि सुखदेव यांचा ‘इंडिया 67’, ज्यात देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कॅमेरा फिरतो आणि तो भारदस्त निवेदक कुठेही तोंड उघडत नाही. बाबांच्या आठवणीतला तो आवाजच काढून टाकला की देश किती वेगळा दिसतो!

एवढं सगळं बघून झाल्यावर मला माझ्या स्वतःच्या लहानपणात एक धागा सापडला, आणि हा तुमच्याही लहानपणात असणार. ‘एक, अनेक और एकता’. चिमण्या, पारध्याचं जाळं, जाळ्यासकट उडालेला थवा, जाळं कुरतडणारे उंदीर. दूरदर्शनवर तो हजारदा लागला, आपण हजारदा पाहिला, आणि कुणी काढला हे कधी विचारलंच नाही. तोही फिल्म्स डिव्हिजनचा, 1974चा! आणि त्यामागची माणसं तर बघा. कथा आणि दिग्दर्शन विजया मुळे यांचं. मुंबईत 1921 साली जन्मलेल्या, लग्नानंतर पाटण्याला जाऊन तिथे फिल्म सोसायटीची चळवळ रुजवणाऱ्या, सत्यजित राय यांच्याबरोबर फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीजच्या उभारणीत असलेल्या विजयाताई. अभिनेत्री सुहासिनी मुळे यांच्या आई. संगीत वसंत देसाईंचं. तेच वसंत देसाई, कुडाळकडच्या सोनवड्याचे, ‘प्रभात’मध्ये घडलेले, ‘श्यामची आई’ आणि ‘दो आँखें बारह हाथ’चे. 1975च्या डिसेंबरात एका लिफ्टच्या अपघातात ते गेले, म्हणजे हे त्यांच्या अगदी शेवटच्या कामांपैकी. आणि तो चिमुरडा गळा? दाभोळची एक लहानगी, साधना घाणेकर. पुढे तिला सगळा देश साधना सरगम म्हणून ओळखायला लागला. अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. ‘घरौंदा’ काढणारे भीमसेन ते हेच, आणि त्यांचं अ‍ॅनिमेशनही याच कार्टून विभागात सुरू झालेलं. तो विभाग 1956मध्ये बाळसं धरत होता तेव्हा शिकवायला डिस्नेचे क्लेअर वीक्स आले होते, ‘बाम्बी’वर काम केलेले. त्यांच्या देखरेखीखाली इथल्या मंडळींनी पहिला रंगीत चित्रपट केला ‘द बन्यन डिअर’, जातककथेवरचा, आणि रेषा घेतली अजिंठ्याच्या भिंतींवरून. बाम्बीच्या माणसानं अजिंठ्याचं हरीण शिकवलं. हे मला शाळेच्या पुस्तकात का नव्हतं?

सगळंच उजळ नाही. आणीबाणी आली आणि ज्या यंत्रणेनं मोकळीक दिली तिनंच ती काढून घेतली. सुखदेव यांच्यासारख्या बंडखोर माणसाचा 1976चा ‘थंडर ऑफ फ्रीडम’ आणीबाणीची भलामण करतो, आणि तो बघणं मला जड गेलं. ‘इंडिया 67’च्या दिग्दर्शकाच्या हातून हे व्हावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्रमोद पती 1975मध्येच ऐन चाळिशीत गेले. आता मुंबईच्या माहितीपट महोत्सवात, म्हणजे मिफमध्ये, प्रयोगशील चित्रपटाला त्यांच्या नावानं पुरस्कार देतात, ते उत्तम आहे. पण कितीजणांनी त्यांचा एक तरी चित्रपट पाहिलाय?

आता बघायची सोय आहे, म्हणून तर मी हे लिहितेय. फिल्म्स डिव्हिजन 2022 साली एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली, पण आठ हजारांहून जास्त चित्रपटांच्या त्या साठ्यातले कितीतरी यूट्यूबवर आहेत, एक पैसा न देता. पेडर रोडच्या त्याच आवारात गुलशन महल नावाची जुनी देखणी वास्तू आहे, तिथे 2019पासून भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. मुंबईला जाणं होणार असेल तर अर्धा दिवस हाताशी ठेवा. घरी बघायचं असेल तर क्रम माझ्याकडून घ्या: आधी ‘आबिद’, दिवे मालवून. मग ‘ट्रिप’. मग ‘एक्स्प्लोरर’, हेडफोन लावून, आणि लगेच दुसऱ्यांदा. हुसेन यांचा सकाळी बघा, डोकं ताजं असताना. ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला शेजारी बसवून. ‘एक, अनेक और एकता’ पोरांना दाखवा आणि या वेळी श्रेयनामावली थांबवून मोठ्यानं वाचा.

आणि एक विनंती. 1968 ते 72च्या दरम्यान जे थिएटरात होते, जे बिडी ओढायला बाहेर गेले नाहीत, किंवा ज्यांनी ऑपरेटरच्या खोलीत उभं राहून ही रिळं स्वतः चढवली, अशी माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्या वाड्यात, सोसायटीत, नात्यात असतील. त्यांना मोबाइलवर ‘एक्स्प्लोरर’ लावून द्या आणि विचारा, हे लागलं तेव्हा थिएटरात काय झालं होतं? शिट्ट्या वाजल्या, पैसे परत मागितले, की सगळे गप्प बसले? जे सांगतील ते लिहून ठेवा, लवकर. आमच्या चाळीतल्या एका निवृत्त ऑपरेटर काकांना मी येत्या रविवारी गाठणार आहे.